छत्तीसगडचा पहिला रणजी विजय : एका गड्याची किंमत

फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळालेल्या छत्तीसगडने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली, रणजी पदार्पणातच त्रिपुराला ९ गडी राखून हरवले. मात्र त्या हंगामात सर्व सामने त्रयस्थ मैदानांवर, म्हणजे दोन्ही संघांना परक्या शहरांत, होत असल्याने ही लढत रांचीला झाली आणि रायपूरकरांच्या वाट्याला फक्त धावफलक आला. निर्णायक विजयाचे ६ गुण मिळाले, पण डावाने किंवा १० गडी राखून जिंकणाऱ्यालाच मिळणारा बोनस गुण पाठलागात पडलेल्या एकाच गड्यामुळे हुकला. पुढे बाद फेरीही हुकली, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची मर्यादित ताकद पाहता ही सलामी दमदार असली, तरी संघाच्या खऱ्या कुवतीचे माप नव्हती.