गुळवेलीतला रेणू आणि जंतूचा पंप

इंदुरी परिसरात कडुनिंबावर चढलेली गुळवेल ओळखीची. तिच्यातल्या बर्बेरीन या रेणूची परीक्षा आता आधी संगणकावर होते: जंतूच्या प्रथिनाच्या खोबणीत रेणू किती घट्ट बसेल, याचा हिशेब. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेच्या ‘इम्पॅट’ संग्रहात वनौषधींतले असे हजारो रेणू आहेत. पण संगणकावर चांगले गुण मिळाले म्हणजे औषध झाले असे नव्हे, हे ठासून सांगायला हवे. रुग्णालयांत ठाण मांडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू बर्बेरीन आत शिरताच ते ‘नॉरए’ पंपाने बाहेर फेकतो! दारुहळदीच्या कुळातल्या काही वनस्पती मात्र बर्बेरीनसोबत हा पंप अडवणारा रेणूही बनवतात. केवढी ही हुशारी! वनस्पतींची ही युक्ती २००० साली उघड झाली. २०२२ मध्ये पंपाची रचनाही उलगडली. त्यामुळे पंप अडवणारे रेणूही संगणकावर नेमकेपणाने शोधता येतात.