सोबतीलाही शास्त्र असते : अपंग-साहाय्यकाच्या प्रशिक्षणाची ओळख

‘आमच्यामागे याचे कोण करील?’ अपंग मुलांचे पालक एकत्र जमले की हा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत एकत्र कुटुंबे केव्हाच विखुरली. दोन खोल्यांच्या घरात साठीकडे झुकलेले आई-वडील आणि तिशीतला, स्वतःहून कूस बदलू न शकणारा मुलगा, असे चित्र आता अपवादात्मक नाही. शेजारधर्माला मर्यादा असतात आणि भावंडे परगावी असतात. मग परिसरातल्या एखाद्या ‘ब्युरो’ला दूरध्वनी होतो आणि बारा तासांच्या ड्युटीसाठी एक आयाबाई किंवा वॉर्डबॉय दारात उभा राहतो. त्याच्या हाती आपण एका माणसाचे शरीर, जेवण आणि खासगीपण सोपवतो. मात्र त्याने हे काम कुठे शिकून घेतले, हे क्वचितच विचारतो.

२०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. त्या वेळी कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने ते २१ केले. प्रत्येकाला साहाय्यक लागतो असे नाही, परंतु ज्यांना लागतो त्यांचे सारे जगणे त्याच्या कौशल्यावर अवलंबून असते.

रुग्णसेवा आणि अपंग-साहाय्य

या दोहोंत गल्लत करण्याची आपली सवय जुनी आहे. रुग्ण बरा होऊन घरी जाईल, या अपेक्षेने रुग्णसेवा आखलेली असते. अपंगत्व आयुष्यभर सोबत राहते. त्यामुळे साहाय्यकाचे काम ‘सांभाळण्या’पाशी संपत नाही. त्या व्यक्तीला शाळेत, नोकरीवर, नाटकाला जाता यावे, आज कोणता सदरा घालायचा हे तिचे तिला ठरवता यावे, यासाठी आपले हातपाय उसने देणे, हा या व्यवसायाचा गाभा आहे.

अमेरिकेत बर्कली येथे १९७२ साली अपंग तरुणांनी स्वतः चालवलेले स्वतंत्र-जीवन केंद्र सुरू झाले, त्यामागे हाच विचार होता. त्याच वर्षी मुंबईत मिठू अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ची स्थापना केली. ‘अडॅप्ट’ या नावाने ती आज ओळखली जाते. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. त्याच्या १९व्या कलमात वैयक्तिक साहाय्य मिळणे हा समाजात राहण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे.

शिकायचे काय?

‘माया असली की पुरे’ असे मानणाऱ्यांनी या अभ्यासाच्या काही बाबी पाहाव्यात.

पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवताना खुर्ची पलंगाला लागून, तिरकी ठेवावी व तिचे ब्रेक आधी लावावेत. काखेत हात घालून ओढल्यास खांदा दुखावतो. उचलणाऱ्याने कंबरेत वाकण्याऐवजी गुडघे वाकवावेत. हे न शिकलेले अनेक साहाय्यक पाठदुखीने काम सोडतात.

स्वतःहून हालचाल न करू शकणाऱ्या व्यक्तीची कूस सामान्यतः दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, नितंब येथील त्वचा रोज पाहावी लागते. लालसर डाग दाबूनही पांढुरका होत नसेल, तर ती दाबव्रणाची पहिली खूण असते.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीला आडवे ठेवून किंवा मान मागे करून भरवणे धोक्याचे असते. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यावा आणि तो गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा.

फेफरे आले की कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची, दातांत चमचा घालण्याची पद्धत अजून गेलेली नाही. तोंडात काहीही घालू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

अंध व्यक्तीचा हात धरून तिला ओढू नये. आपले कोपर पुढे करावे व अर्धे पाऊल पुढे चालावे. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवला, तर होणारा बदल त्याला आधी कळतो आणि त्याची घालमेल कमी होते.

या सर्वांहून कठीण धडा वागणुकीचा असतो. आंघोळ घालताना दार लावणे, अंगाला हात लावण्यापूर्वी सांगणे, पाहुण्यांसमोर ‘याला काही कळत नाही’ असे न म्हणणे, प्रश्न विचारणाऱ्याला त्या व्यक्तीकडेच वळवणे. २०१६च्या कायद्याचे ९२वे कलम साहाय्यकाला ठाऊक असलेच पाहिजे. आपल्या ताब्यातील अपंग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे हा त्यानुसार गुन्हा असून त्याला सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे.

प्रशिक्षणाच्या वाटा

या क्षेत्रातील शिक्षणाचे नियमन भारतीय पुनर्वास परिषद करते. १९९२च्या कायद्याने स्थापन झालेली ही परिषद अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय नोंदवही ठेवते. विशेष शिक्षकासारख्या व्यावसायिकांना या नोंदणीविना काम करता येत नाही.

साहाय्यकाच्या कामाला सर्वांत जवळचा असा परिषदेचा अभ्यासक्रम म्हणजे समुदायाधारित सर्वसमावेशक विकासाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने तो तयार झाला आणि मे २०२१मध्ये सुरू झाला. तो पूर्ण करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हटले जाते. कौशल्य विकासाच्या चौकटीत ‘होम हेल्थ एड’ आणि ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. त्यांचा भर रुग्णसेवेवर असला, तरी उचलणे, स्वच्छता, प्रथमोपचार यांचा पाया पक्का होतो. राष्ट्रीय न्यासाने ‘सहयोगी’ या योजनेखाली साहाय्यकांच्या प्रशिक्षणाचा विषय हाताळला होता.

पुढे शिकू इच्छिणाऱ्यांना उपनगरांत व आसपास सोय आहे. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांसाठी पदविका आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग जुहूच्या आवारात आहे. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाची चालू वर्षाची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावी. शुल्क भरल्यावर प्रमाणपत्र निरुपयोगी असल्याचे कळणे फार महागात पडते.

अभ्यासक्रम निवडताना प्रत्यक्ष कामाचे तास किती, हा प्रश्न प्रथम विचारावा. ऑस्ट्रेलियात साहाय्यकांच्या पायाभूत प्रमाणपत्रासाठी किमान १२० तासांचे प्रत्यक्ष काम सक्तीचे आहे. वर्गात पाहिलेल्या चित्रफितीवरून कुणालाही घास भरवता येत नाही.

मोल आणि मान

हे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया उपनगरांतल्याच वस्त्यांमधून येतात. शिकलेली आणि न शिकलेली बाई यांच्या मेहनतान्यात ब्युरो फारसा फरक करत नसेल, तर तिने सहा महिने का घालवावेत? कौशल्याला वेगळा दर, आठवड्याची सुटी आणि लेखी करार हे कुटुंबांनीच सुरू करायला हवे. मात्र सारा भार कुटुंबांवर टाकणेही न्याय्य नाही. २०१६च्या कायद्यात अधिक साहाय्याची गरज असलेल्या व्यक्तींसाठी साहाय्यक-भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ सरकारने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपये ठेवले. रक्कम तुटपुंजी खरी, पण या कामाची सरकारदरबारी नोंद झाली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. त्याच्याकडून अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.

पालकांनी करण्याजोगे आणखी एक काम आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९नुसार अठरा वर्षांनंतर पालकत्वाची नेमणूक जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून करून घेता येते. तो अर्ज वेळेत करावा. त्यासोबत मुलाच्या सवयी, औषधे, खुणांची भाषा, आवडीनिवडी यांची एक वही तयार करावी. आई-वडिलांना जे न सांगता कळते, ते नव्या साहाय्यकाला त्या वहीतूनच कळणार आहे. पालकत्वाचा कागद, माहितीची वही आणि ती वाचून नीट वागू शकणारा प्रशिक्षित माणूस, या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच ‘आमच्यामागे कोण?’ या प्रश्नाला काही उत्तर असेल.