कच्च्या पेशींचं दशक

२०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये दोन शेवट झाले. तिथली ॲथर्सिस ही मूलपेशींची कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कोर्टात गेली, आणि ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये रुजवणारे अर्नोल्ड कॅप्लन वारले. २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं होतं की या पेशी नवं ऊतक घडवत नाहीत, औषधी रेणू स्रवतात. तोवर निम्मं जग त्यातून नवा मेंदू विकून बसलं होतं.

नव्वदीची वर्षं मी सोडून देते. प्रयोगशाळेतल्या चकत्या, बशा, रंगवलेले फोटो. माझी तक्रार २००५ ते २०१५ या दशकाबद्दल आहे. अस्थिमज्जेतून पेशी काढायच्या, शिरेतून सोडायच्या, त्या आपला पत्ता शोधत जखमी मेंदूत जातील, असा तो थाट. उंदरांवरच्या प्रयोगांत बहुतेक पेशी फुफ्फुसातच अडकत होत्या, हे २००९ मध्येच छापून आलं होतं. २०१४ मध्ये ‘एम्स’च्या पुढाकाराने झालेल्या पक्षाघाताच्या चाचणीत १२० रुग्णांपैकी अर्ध्यांना त्यांच्याच मज्जापेशी दिल्या, इजा झाली नाही, फायदाही दिसला नाही. प्रामाणिक काम होतं ते. त्याची बातमी आतल्या पानावर गेली आणि पहिल्या पानावर जाहिराती चालूच राहिल्या. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं २००७ पासून होती, पण जमीन विकून आलेल्या आईबापांना ती कोण वाचून दाखवणार?

खरी चुटपुट वेगळीच आहे. वाट त्याच दशकात सापडली होती. डोक्याला मार लागल्यावर पहिल्या आघातानंतरचा दाह तास-दिवस चालतो आणि वाचलेल्या पेशींनाही खातो. तो शमवायचा तर पेशी आधी चेतवावी लागते. जिवाणूच्या बाह्य आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड हा त्यासाठी जुना डिवचणारा. त्याला ओळखणाऱ्या टीएलआर-४ या ग्राहकाच्या शोधाबद्दल ब्रूस बॉयटलरना २०११ मध्ये नोबेल मिळालं. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने दाखवलं की असं डिवचल्यावर या पेशी रक्षक पेशींकडून दाह शमवणारं आयएल-१० स्रववतात. लगेच २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सहून उलट निकाल आला: थोड्या मात्रेत, तासभर, याच घटकाने पेशी भडकतात. म्हणजे सगळा खेळ मात्रेचा आणि वेळेचा. लोणच्याला मुरायला किती दिवस, हे घरोघरी ठाऊक असतं. इथे कोट्यवधी डॉलर उधळणाऱ्यांना पेशी किती तास मुरवायची हे ठरवायला सवड नव्हती. असल्या कंटाळवाण्या मोजमापांना ना पेटंट, ना हारतुरे.

जपानने जुलै २०२४ मध्ये मेंदूच्या जुन्या दुखापतीतल्या लुळेपणासाठी एका पेशी-उपचाराला सशर्त, मुदतीची मंजुरी दिली. त्यात जिवाणू नाही. जनुकाने तात्पुरत्या बदललेल्या पेशी थेट मेंदूत सोडतात. चाचणी साठेक रुग्णांची. छोटी, पण निदान पेशी पोचवायची कुठे हे तरी तिथे ठरलेलं होतं.

आता जिवाणूचे तुकडे लावून पेशी ‘सुपर’ करण्याच्या बातम्या पुन्हा येताहेत. कल्पनेशी माझं भांडण नाही. पण सुईने टोचायच्या प्रत्येक औषधात हाच लिपोपॉलिसॅकराइड राहू नये म्हणून औषध कारखाने आजवर ‘हॉर्सशू क्रॅब’ या समुद्री जीवाच्या रक्ताने चाचण्या करत आले. आता तोच मुद्दाम घालायचा, तर कोणत्या जिवाणूचा, किती, किती तास, आणि पेशी टोचण्याआधी धुऊन किती उरला, हे आधी छापा. उंदीर चालतानाचा व्हिडिओ मग बघू.