व्याज विणकरांचे, वर्षावास भिक्षूंचा

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातली, म्हणजे पांडवलेण्यांतली, प्रमुख दानपत्रे इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली. या काळात हा मुलूख क्षहरातांकडून सातवाहनांकडे आणि पुढे आभीरांकडे गेला. विहार मात्र चालत राहिले. ते कशावर चालले, याचा चोख हिशेब तिथल्याच भिंतींवर कोरलेला आहे.

क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले आणि वर्ष ४२ मध्ये त्यासाठी ३,००० कार्षापणांची, म्हणजे नाण्यांची, कायम ठेव ठेवली. पैसे राजाच्या कोठारात नव्हे, नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. एकीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज होते २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, माणशी १२ कार्षापण. हिशेब पैचाही चुकत नाही! हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला.

हाच उषवदात ब्राह्मणांना गावे आणि गाई देतो, नद्यांवर फुकट नावा चालवतो. एकाच पंथाला धरून राहणे त्या काळच्या सत्ताधाऱ्याला परवडणारे नव्हते.

विणकर एवढे व्याज देऊ शकत होते, यामागे व्यापाराचा जोर होता. ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो की पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई. तिथून ते पश्चिमेच्या जहाजांवर चढे.

मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. नाणी वितळवली नाहीत; चलन तेच, धनी नवा.

जमिनीचे तसेच झाले. उषवदाताच्या ताब्यातले २०० निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे माप) शेत गौतमीपुत्राने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भिक्षूंना दिले. पण चोविसाव्या वर्षी त्याला आणि राजमातेला गोवर्धनच्या अमात्याला पुन्हा लिहावे लागले: ते शेत कसले जात नाही, गावही ओस आहे, त्याऐवजी नगराच्या सीमेवरचे १०० निवर्तन राजशेत द्यावे. राजाज्ञा दगडात कोरली, तरी कसणारा माणूस नसेल तर दानाचा दाणाही हाती लागत नाही.

तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवी ठेवल्या. त्या घेणाऱ्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते, तेलीही होते. दोन राजवंश उलटून गेले होते. तरी धर्मादायाचा पैसा अजून कारागिरांच्या श्रेणींकडेच विश्वासाने जात होता. राजा बदलला की जमिनीचे दानपत्र नव्याने करावे लागे. श्रेणीची पत मात्र तिच्या धंद्यावर उभी होती, आणि कापड व तेल कुठल्याही राज्यात लागतेच.