मेंढ्यांमधील जंतनियंत्रण आणि उत्पादकता

पावसाळ्यातील उष्ण व दमट हवेत महाराष्ट्रातील धनगरांच्या कळपांना हिमाँकस कंटॉर्टस या रक्तशोषक जंताचा मोठा उपद्रव होतो. एका जंतामुळे दररोज सुमारे ०.०५ मि.लि., म्हणजेच ५,००० जंतांमुळे २५० मि.लि. रक्ताची हानी होते. परिणामी रक्तक्षय होऊन मेंढीची वजनवाढ खुंटते, दूध आटते व कोकरे दगावतात. तथापि संपूर्ण कळपास वारंवार एकच औषध पाजल्यास त्यास दाद न देणारे जंतच शिल्लक राहून वाढतात. यावर दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली फमाचा पद्धती उपयुक्त ठरते. तीत खालच्या पापणीच्या आतील बाजूचा रंग ५ श्रेणींच्या तक्त्याशी ताडून केवळ फिकट आढळलेल्या मेंढ्यांनाच औषध दिले जाते. त्यामुळे उत्पादकतेबरोबरच औषधाची परिणामकारकताही टिकते.