आमची पिचर क्रिकेटला गेली

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस जिल्हा शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा होती. सकाळी सात वाजता एस.टी. स्टँडवर आम्ही मुली मोजल्या. पंधरा भरल्या. सोळावी आलीच नव्हती, आणि ती सोळावी म्हणजे आमची पिचर. फोन लावला तर बंद. बस सुटली. उपान्त्य सामन्यात बदली मुलीला चेंडू दिला. बिचारीने जीव तोडून टाकला, पण पट्ट्यात पडेना. सॉफ्टबॉलमध्ये चार चेंडू ‘बॉल’ ठरले की समोरची फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जाते. तशा त्या जातच राहिल्या. तिसऱ्याच इनिंगला सामना हातचा गेला.

आमची पिचर तिसऱ्या दिवशी शाळेत आली. दाराशी उभी राहून म्हणाली, “टीचर, क्रिकेटची निवड चाचणी होती, पंधरा वर्षांखालची. त्याच दिवशी होती.” आम्ही तिला आत बस म्हटले आणि पुढचे आठ दिवस तिच्याशी कामापुरतेच बोललो. वीस वर्षे शिकवूनही माणूस मुलांसारखा रुसतो, हे कबूल केले पाहिजे. वर आणखी एक केले. कप्तानपद काढून दुसरीला दिले. त्याचे आज वाईट वाटते.

हा प्रकार एकट्या आमच्या शाळेचा नाही. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत चहाच्या वेळी हाच विषय निघतो. ज्या मुलीचा हात चांगला, जिचे पाय वेगवान, जिची नजर चेंडूवरून हटत नाही, ती नववी-दहावीपर्यंत सॉफ्टबॉलमध्ये टिकत नाही. एक क्रिकेटला जाते, एक कबड्डीला, एक धावायला लागते. उरतात त्या बहुतेक प्रमाणपत्रासाठी आलेल्या.

प्रमाणपत्राची गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. आपल्या राज्यात शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. कबड्डी किंवा खो-खोला तालुक्यापासून लढत यावे लागते, संघ ढिगाने असतात. सॉफ्टबॉलला संघ कमी, म्हणून बहुतेक ठिकाणी थेट जिल्ह्यापासूनच सुरुवात होते. दोन-तीन सामने जिंकले की विभाग, विभाग जिंकला की राज्य. राज्यात क्रीडा विभाग आठ, म्हणजे राज्य स्पर्धेला आठच संघ. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण पालकांना ठाऊक असते. मग ज्या मुलाने कधी ग्लोव्ह हातात घातला नाही त्याचे वडील जुलै महिन्यात येऊन विचारतात, “टीचर, सॉफ्टबॉलमध्ये जागा आहे का?” जागा असते. पण त्या गर्दीत जिला खरोखर खेळायचे आहे तिला सराव मिळत नाही, आणि तिचा जीव खेळातून उडतो. आम्हाला वाटते, चांगल्या मुली निघून जाण्याचे हे एक कारण आहे. शाळाशाळांत ते कोणी मोठ्याने बोलत नाही इतकेच.

खेळ मात्र गुणी आहे. १८८७ साली शिकागोत एकत्र जमलेल्या तरुणांनी बॉक्सिंगच्या ग्लोव्हचा चेंडू बांधून आणि झाडूच्या दांड्याची बॅट करून तो सुरू केला. नाव ‘सॉफ्ट’ असले तरी आजचा चेंडू मऊ नाही, हे ज्याच्या नडगीवर तो बसला त्याला विचारा. घेर बारा इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून बराच मोठा. महिलांच्या सामन्यात पिचर फक्त त्रेचाळीस फुटांवर उभी असते. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवून कमरेखालून चेंडू सोडायचा. मोठ्या सामन्यांतल्या पिचरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोहोचतो. हे तंत्र अंगात यायला दोन-तीन वर्षे जातात, आणि ते एकटीने शिकता येत नाही, समोर तितकीच तयार कॅचर लागते. क्रिकेटची मुलगी भिंतीवर चेंडू मारत राहू शकते. पिचरला जोडीदारीण नसली की सराव बंद. म्हणून एक चांगली मुलगी गेली की दोघी जातात.

शेवटी आम्हीच तिच्या घरी गेलो. अब्बांचे वेल्डिंगचे दुकान आहे, खिडक्या-दरवाजांची कामे करतात. अम्मीने चहा ठेवला. अब्बा हात पुसत बाहेर आले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, “टीचर, तुम्ही रागावलात हे पोरीने सांगितले. तुमचा हक्क आहे. पण एक सांगा, ती सॉफ्टबॉल खेळत राहिली तर पुढे काय?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. नोकरीच्या आरक्षणाचे सांगितले. ते म्हणाले, “ते तर क्रिकेटलाही असेलच ना.” मग मोबाईल काढून त्यांनी आम्हाला नोव्हेंबर २०२५ मधली महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची चित्रफीत दाखवली. नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले, तो सामना. त्या रात्री अख्खी गल्ली त्यांच्या दुकानातल्या टीव्हीसमोर बसली होती, म्हणे. मुलगी पुढे, मागे चाचे आणि शेजारी. ज्या माणसाने तोपर्यंत मुलीच्या खेळाकडे वळूनही पाहिले नव्हते, तो आता शेफाली वर्माच्या फटक्यांची नक्कल करून दाखवत होता.

ह्याच्याशी सॉफ्टबॉल कसा लढणार? २०२३ साली महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मंधानाला ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले. देशासाठी न खेळलेल्या मुलीची सर्वांत कमी बोलीही तिथे १० लाखांची होती. २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने भारताच्या पुरुष आणि महिला खेळाडूंचे सामना-मानधन सारखे केले. कबड्डीची लीग २०१४ पासून टीव्हीवर आहे. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला, तो भारताच्या मुलींनी महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. आमच्या मुलींना ही नावे पाठ आहेत. सॉफ्टबॉलमधल्या एकाही भारतीय खेळाडूचे नाव वर्गात विचारले तर शांतता पसरते. ती शांतता आम्ही ऐकली आहे.

बाहेरच्या जगानेही ह्या खेळाला धड आधार दिलेला नाही. ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ साली अटलांटाला आला. २००५ मध्ये मतदान होऊन तो काढायचे ठरले आणि २००८ च्या बीजिंगनंतर तो गेला. त्या बीजिंगला जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण आणले. नंतर तिचा खेळ ऑलिंपिकमध्ये यायला २०२१ उजाडले. एकोणचाळिसाव्या वर्षी टोकियोत ती पुन्हा मैदानात होती आणि अमेरिकेला २-० ने हरवून पुन्हा सुवर्ण मिळाले. पण मधल्या तेरा वर्षांत किती मुलींनी हात खाली ठेवले असतील? २०२४ च्या पॅरिसला खेळ पुन्हा नव्हता, २०२८ च्या लॉस एंजेलिसला पुन्हा आहे. आणि गंमत अशी की त्याच लॉस एंजेलिसला क्रिकेटही आहे.

जिथे हा खेळ जन्मला त्या अमेरिकेतही हायस्कूलच्या मुलींमध्ये व्हॉलीबॉल केव्हाच पुढे निघून गेला. तिकडे सॉफ्टबॉल बहुतेक राज्यांत वसंतात खेळतात आणि त्याच दिवसांत धावणे, सॉकर, लॅक्रॉस हेही चालू असते, त्यामुळे एकाच मुलीवर चार प्रशिक्षकांचा डोळा. शिवाय खासगी क्लबांचा वर्षभराचा खर्च. ज्यांना परवडत नाही त्या मुली दुसरीकडे वळतात. आमच्याकडे क्लब नाहीत, पण ग्लोव्ह, कॅचरचा मुखवटा, छातीचे आणि पायाचे संरक्षण हे सारे लागतेच, आणि आमच्या शाळेत आजही कॅचरचा मुखवटा एकच आहे. दोन कॅचर एका वेळी सराव करू शकत नाहीत.

घरांच्या बाबतीत एक गोष्ट सॉफ्टबॉलच्या बाजूची आहे, ती सांगायला हवी. पूर्ण पँट, अंगभर शर्ट, डोक्यावर टोपी, हा ह्या खेळाचा नेहमीचाच पोशाख. स्कार्फवर टोपी घालून आमच्या मुली वर्षानुवर्षे खेळत आहेत, कोणी हरकत घेतली नाही. फुटबॉलमध्ये डोके झाकण्याला जागतिक संघटनेची रीतसर परवानगी २०१४ साली मिळाली, बास्केटबॉलमध्ये २०१७ साली. कितीतरी अम्मींनी केवळ पोशाख पाहून मुलीला आमच्याकडे सोपवले आहे. क्रिकेटचाही पोशाख तसाच, म्हणून ही जमेची बाजू आता एकट्या सॉफ्टबॉलची राहिली नाही, हे खरे. अडचण पोशाखाची नसतेच, ती रात्रीच्या मुक्कामाची असते. विभागीय स्पर्धेला दोन रात्री बाहेर राहायचे म्हटले की दहापैकी चार घरांतून नकार येतो. सोबत महिला शिक्षिका असेल, राहण्याची जागा आधी सांगितली असेल, रोज मगरिबनंतर घरी फोन होईल असे ठरले असेल, तर त्यातली निम्मी घरे मानतात. हा आमचा अनुभव आहे.

त्या दिवशी अब्बांना आम्ही शेवटी एवढेच म्हणालो, की तिने क्रिकेट खेळावे, पण सॉफ्टबॉल लगेच तोडू नये. जेमिमा रॉड्रिग्ज क्रिकेटबरोबर हॉकीही खेळत होती, महाराष्ट्राच्या वयोगटातील हॉकी संघात होती. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हींत देशाकडून खेळली. सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलीची फेक पाहा. बेसवर धावणाऱ्या मुलीला बाद करायला ती चेंडू उचलून एका दमात फेकते, सवयच लागलेली असते. क्रिकेटच्या चाचणीत हिच्याकडे निवड समितीचे लक्ष गेले तेही, तिच्याच सांगण्याप्रमाणे, सीमेवरून यष्टींकडे केलेल्या एका फेकीमुळे. फलंदाजी तिची अजून कच्ची आहे.

अब्बा म्हणाले, “दोन्ही कसे होणार, टीचर? अभ्यास कधी करायचा?” प्रश्न रास्त होता. क्रिकेटचा सराव आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी, दूरच्या मैदानावर. आणि दहावी तोंडावर. आम्ही कागद घेतला, वार लिहिले. शनिवारची सकाळ मोकळी निघाली. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

शाळेत आम्ही दोन बदल केले. जुलैमध्ये नाव नोंदवायला येणाऱ्यांना आता सांगतो, आधी महिनाभर सरावाला या, मग बघू. संख्या निम्म्यावर आली. एक-दोन पालक नाराज झाले, एकांनी वर तक्रारही केली. आणि पाचवी-सहावीच्या मुलींना पिचिंग लवकर शिकवायला घेतले, म्हणजे एकीवर सगळा भार राहणार नाही. कॅचरच्या दुसऱ्या मुखवट्यासाठी माजी विद्यार्थ्यांना पत्रे लिहिली आहेत.

ती पंधरा वर्षांखालच्या जिल्हा संघात निवडली गेली. पहिल्या सामन्यात तिला फलंदाजी मिळालीच नाही. शनिवारी सकाळी ती येते, दर शनिवारी नाही, पण येते. सहावीतली एक डावखुरी पोर आहे, तिला ती हात फिरवायला शिकवते. मागच्या वेळी मुरुमाच्या मैदानावर फक्कीने रेघ मारून तिने त्या पोरीला त्रेचाळीस फुटांऐवजी तीस फुटांवर उभे केले आणि स्वतः मुखवटा घालून समोर कॅचर म्हणून बसली. पहिले सहा चेंडू तिच्या डोक्यावरून गेले.