खाण आकड्यांची, जाण मातीची

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेट येथे १८६९ साली स्थापन झालेले पर्ड्यू विद्यापीठ आहे. तेथे २०१८ साली ‘द डेटा माइन’, म्हणजे आकड्यांची खाण, हा उपक्रम सुरू झाला. निरनिराळ्या विद्याशाखांचे विद्यार्थी हिलेनब्रँड हॉल या वसतिगृहात एकत्र राहून विदाविज्ञानाचे, अर्थात डेटा सायन्सचे, धडे घेतात. भूविज्ञानास अशा सहवासाची विशेष गरज का, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ साली आकाशात गेला आणि २००८ पासून त्या मालिकेची सारी चित्रे विनामूल्य खुली झाली. आज त्यांतील प्रत्येक उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच भूभागावरून जातो. चित्रातील एक ठिपका म्हणजे साधारण ३० मीटर लांब-रुंद जमीन. पन्नास वर्षांचा हा संचय नजरेने चाळणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे. तेथे संगणकच हवा. परंतु डोंगराची गडद सावली आणि तळ्याचे पाणी यांत संगणकाची फसगत होते. ती ओळखावयास भूमीची जाण असलेला सोबती शेजारी हवा. एकाचे गणित आणि दुसऱ्याची जाण जेवणाच्या टेबलावरही भेटू शकतात, हेच अशा वसतिगृहाचे मर्म होय.

आपल्या घरांत दहावीचा निकाल लागताच ‘संगणक की भूगोल?’ असा प्रश्न मुलांपुढे टाकला जातो आणि भूगोल हरतो. आम्हांस हा प्रश्नच चुकीचा वाटतो. पालकहो, दोन्हींची आवड असलेल्या मुलास एक सोडावयास लावू नका.